हरलेल्या फायनलची चौकशी

माझ्या थोरल्या साडूंइतका सावध माणूस अख्ख्या नवी मुंबईत दुसरा सापडायचा नाही, आणि त्यांच्या सावधपणाने जेवढा गोंधळ घातला आहे तेवढा एखाद्या बेफिकीर माणसाला जन्मभर झटूनही घालता यायचा नाही. तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर होते. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी हेल्मेट, शिट्टी आणि ओळखपत्र रीतसर परत केलं. सवयी मात्र सगळ्याच्या सगळ्या घरी घेऊन आले. आमच्या करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये ते आले की पाणी प्यायच्या आधी स्वयंपाकघरात जाऊन दोनदा हुंगतात, गॅसची नळी बोटाने दाबून पाहतात आणि "ही बदलली कधी?" असं माझ्याकडे बघत विचारतात. "भाऊजी, आधी बसा तरी," असं माझी बायको म्हणाली की "बसतो, पण पंख्याखाली नको," असं उत्तर ठरलेलं. माझ्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला केकवर एकच मेणबत्ती होती, तरी यांनी शेजारी वाळूची लाल बादली आणून ठेवली. त्या दिवसाच्या एकूण एक फोटोत मुलीपेक्षा बादली ठळक आली आहे. पनवेलच्या एका लग्नात तर अंतरपाट धरलेला, अक्षता मुठीत, आणि यांनी गुरुजींच्या हातातला माईक घेऊन हॉलला बाहेर पडायचे दरवाजे किती आणि कुठे ते सांगायला सुरुवात केली. मुलीकडच्यांना तो विधीचाच भाग वाटला. त्यांनी भक्तिभावाने यांच्यावर अक्षता टाकल्या.

पण हे सगळं किरकोळ. साडूंचा खरा छंद म्हणजे चौकशी. कारखान्यात काही फुटलं, सांडलं, पेटलं की ती त्यांच्याकडे यायची, आणि त्यांचा एक नियम होता. "कोणी केलं?" हा प्रश्न विचारायचाच नाही. "का झालं?" एवढंच विचारायचं, उत्तर आलं की त्या उत्तराला पुन्हा "का?" आणि मुळापर्यंत पोचेपर्यंत सोडायचं नाही. "'कोणी' विचारलं ना साडूभाऊ, की बोट नेहमी सगळ्यात गरीब माणसाकडे जातं," ते म्हणायचे. साहेबलोकांना खालचा कुणीतरी हेल्पर दोषी हवा असायचा आणि साडूंची 'का'ची माळ जिना चढत चढत साहेबांच्याच केबिनपर्यंत यायची. त्यांना बढती का मिळाली नाही याची चौकशी मात्र कोणी केली नाही. घरी आता ही माळ ताईंच्या, म्हणजे माझ्या मेहुणीच्या, नशिबी आली आहे. एकदा दूध उतू गेलं. "का गेलं?" "फोन आला होता." "का आला?" "आटपाडीच्या मामी पाय घसरून पडल्या." "का पडल्या?" शेवटी आटपाडीला फोन लागला, मामींच्या न्हाणीघराची फरशी दोषी ठरली आणि ती बदलून घेईपर्यंत साडू स्वस्थ बसले नाहीत. पातेलं मात्र तोवर तसंच करपलेलं ओट्यावर होतं. ते घासायचं नाही, पुरावा आहे, अशी ताकीद होती.

असा माणूस कोणाला झेपणार? नेरूळच्या त्यांच्या सोसायटीत लिफ्टवरून त्यांनी इतक्या तक्रारी केल्या की सेक्रेटरी बिचारे लिफ्टमध्ये गाठ पडेल म्हणून जिन्याने जातात. सत्यनारायणाला यांना शेवटी बोलावतात, समई विझल्यावर. साडूंना हे कळत नव्हतं असं नाही. "गाव सोडून एवढी वर्षं झाली, पण इथं कुणी आपलं म्हणत नाही हो," असं एकदा बाल्कनीत ते म्हणाले, आणि लगेच मला कठड्यापासून एक पाऊल मागे घ्यायला लावलं.

त्या बाल्कनीच्या खालीच खाडीकडच्या जुन्या गावाचं मैदान आहे. एका रविवारी तिथून एक फुटबॉल आला आणि साडूंच्या दिवाणखान्याची काच घेऊन आत शिरला. दुसरा कोणी असता तर खाली जाऊन गावाशी भांडला असता. साडू चेंडू काखेत मारून खाली गेले आणि त्यांनी चौकशी मांडली. खेळणारी पोरं ठोंब्यासारखी उभी, कारण "कोणी मारला?" असं साडू विचारतच नव्हते. 'का, का' करत शेवटी असं निघालं की गोलच्या मागची जाळी फाटकी आहे. साडूंनी स्वतःच्या खर्चाने नवी जाळी आणून दिली, ती नीट बसली का ते बघायला पुढच्या रविवारी गेले, आणि मग जातच राहिले. आटपाडीकडचा हा माणूस, कुस्तीशिवाय दुसरा खेळ माहीत नाही. पण गावाच्या टीमचा असा भक्त झाला की विचारू नका. प्लास्टिकची खुर्ची घेऊन गोलच्या मागे बसायचे, पायाशी मलमपट्टीची पेटी. बाकीचे "मार! पळ! घुस!" असं ओरडायचे. साडू ओरडायचे, "हळू! लेस बांध! बघून पाय टाक!" समोरच्या टीमने नडगीला पॅड लावले असले की त्यांच्यासाठी टाळ्याही वाजवायचे. गावाने पहिल्यांदा हसून घेतलं आणि मग त्यांचं नाव ठेवलं सेफ्टीकाका. दर रविवारी मलाही करंजाड्याहून ओढून नेत. माझी दुपारची झोप गेली ती तेव्हापासून.

टीमचा गोलकीपर हरेश. पोटासाठी टेम्पो चालवायचा. अंगाने दांडगा, मनाने हळवा. गोलच्या मागे बसणारे साडू आणि गोलमध्ये उभा राहणारा हरेश, त्यामुळे दोघांचं फार जमलं. चेंडू लांब असला की हरेश मागे न वळताच गप्पा मारायचा. "काका, कालच्याला ब्रेकचा आवाज येत व्हता गाडीच्या." "मग गाडी आणलीस कशाला? चल, मॅच संपली की बघू."

आणि मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी आमची टीम गावागावांच्या स्पर्धेत फायनलला पोचली. समोर तळोज्याकडची टीम, आणि सामना आमच्याच मैदानावर. गावात आनंद मावेना. क्लबचे अध्यक्ष नारायणदादा, एकेकाळी मिठागरात राबलेले आणि आता तीन इमारतींचे मालक, त्यांनी फायनलच्या आधीच भला मोठा फ्लेक्स छापून आणला. चॅम्पियन झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! साडूंना हे कळलं तसे ते तडक नारायणदादांकडे गेले. "काम पुरं व्हायच्या आधी समारंभ? कारखान्यात याला मी नोटीस काढली असती." नारायणदादा म्हणाले, "काका, एकदा उघडून बघा तरी. तुमाला आवडल." साडूंनी बघायचंही नाकारलं. जिंकेपर्यंत त्या फ्लेक्सची गुंडाळी सुटता कामा नये, असं बजावून त्यांनी ती हरेशच्या टेम्पोत, सीटच्या मागे टाकायला लावली. पनवेलची बँजो पार्टीही ठरली होती. तीही आधीच वाजायला लागेल या धास्तीने तिचा ताबा साडूंनी स्वतःकडे घेतला. पार्टीच्या म्होरक्याला, डोळ्यांवर गॉगल चढवलेल्या त्या माणसाला, फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. साडूंनी त्याला बाजूला घेऊन काहीतरी समजावलं आणि निश्चिंत मनाने खुर्चीत येऊन बसले.

मॅच मी डोळ्यांनी पाहिली आहे, तरी अजून खरी वाटत नाही. आम्ही एक गोलने पुढे. शेवटची मिनिटं. मैदानाच्या मध्यावर आमच्या कोणीतरी त्यांच्या कोणाला तरी पाडलं, रेफरीने शिट्टी मारली, आणि त्याच क्षणी बँजो, ढोल, ताशा सगळं एकदम कडकडलं. काय झालं ते कोणाला कळेना. पण बँजो वाजतोय म्हणजे आपण जिंकलो, हे आमच्या गावात तान्ह्या पोरालाही कळतं. आमचे खेळाडू एकमेकांच्या गळ्यात पडले. हरेशने हातमोजे काढून लोकांत भिरकावले आणि नाचत नाचत मध्यापर्यंत पळत गेला. तळोज्याच्या पोरांना आमच्या बँजोशी काय देणंघेणं? त्यांनी फ्री किक घेतली. चेंडू हरेशच्या डोक्यावरून गेला आणि टप्पे खात खात मोकळ्या गोलमध्ये शिरला. सामना बरोबरीत. मग पेनल्टी, आणि हरेशचा एकच हातमोजा परत मिळालेला. एक हात काळा, एक उघडा, असा तो उभा राहिला आणि आम्ही हरलो.

पुढचा आठवडा गावात एकच विषय. नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर रोज नवा गुन्हेगार. कोणी म्हणे रेफरी, कोणी म्हणे सकाळचं मटण जड झालं, कोणी म्हणे देवीला नारळ फोडला तो नासका निघाला. एकाने तर सांगितलं, "काकांची नोकरी कुठं व्हती? तळोज्याला. समजा काय समजायचा ता." हे ऐकून साडू इतके खूश झाले की विचारू नका, कटात आपलं नाव येण्याइतके आपण गावात महत्त्वाचे आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण फिरून फिरून सगळे येऊन थांबायचे हरेशवर. गोल सोडून नाचायला गेलास कशाला? त्याच्या टेम्पोच्या धुळीत कोणीतरी बोटाने 'एकहाती' असं लिहिलं. तो नाक्यावरून यायचा बंद झाला, लांबच्या रस्त्याने जायला लागला. नारायणदादांनी पुढच्या सीझनला दुसरा कीपर बघू असं जाहीर केलं आणि हरेशने निरोप पाठवला, बघा, मी खेळायचं सोडलंय. साडूंना हे कळलं तेव्हा ते जेवत होते. हातातला घास तसाच राहिला. "हे बरोबर नाही. सगळे 'कोणी' विचारतायत. 'का' कुणीच विचारत नाही. चौकशी लावावी लागेल."

चौकशी म्हणजे नुसतं बोलणं नव्हे, घटनास्थळी प्रात्यक्षिक. पुढच्या रविवारी सकाळी साडूंनी अख्खं गाव मैदानावर उभं केलं. जो ज्या जागी होता त्याच जागी. हरेश यायला तयार नव्हता, त्याला स्वतः जाऊन हाताला धरून आणला. बँजो पार्टीला वाजवायचं भाडं देऊन बोलावलं. तळोज्याची टीम काही येणार नव्हती, म्हणून तिच्या जागी साडूंच्या सोसायटीचा वॉचमन, इस्त्रीवाला आणि योगवर्गाच्या बायका उभ्या केल्या. त्यातल्या एकीला चेंडू मारायचा होता. तिने चपला काढून बाजूला ठेवल्या आणि चेंडूला नमस्कार केला. माझ्या गळ्यात शिट्टी अडकवून मला रेफरी केलं. ताई बाल्कनीतून हे सगळं बघत होत्या आणि कपाळावर हात मारत होत्या.

"साडूभाऊ, शिट्टी!" साडूंनी हुकूम केला. मी शिट्टी मारली. आणि मैदानाच्या कडेला बँजो, ढोल, ताशा सगळं पुन्हा एकदम कडकडलं.

"थांबा!" साडू धावत गेले. त्यांचा चेहरा फुलला होता. मुळाशी पोचल्यावर फुलायचा तसा. "आता कळलं! हरेश का नाचला? तर बँजो वाजला म्हणून. आता सांगा, बँजो का वाजला?"

म्होरक्याने गॉगल वर केला. "काय काका, तुम्हीच बोललेले ना? शेवटची पाच मिनिटं राहिली की तयार राहायचं, आणि शिट्टी वाजली की चालू करायचं."

"अहो, मी म्हणालो होतो..." साडू म्हणाले आणि थांबले.

"हां, तेच. शिट्टी वाजली की. कुठली शिट्टी ते तुम्ही बोललाच नाय. आम्हाला काय माहीत, शेवटी शेवटी पण सारख्या शिट्ट्या असतात."

चेंडूला नमस्कार केलेल्या बाईंनी हळूच चपला घातल्या. मी साडूंकडे बघत होतो. कारखान्यात नव्या माणसांना ते पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचे, आणि आमच्या घरी जेवतानाही ती शंभरदा ऐकवायचे, की सूचना अर्धवट दिली की अपघात पुरा होतो. आता मनात आलं असतं तर त्यांना पुढचा 'का' विचारता आला असता. आधी वाजवतील या भीतीने ताबा घेतला, भीती का, तर फ्लेक्स आधी छापला, फ्लेक्स का, तर नारायणदादा. माळ सहज जिना चढली असती. पण साडूंनी ती तिथेच थांबवली. ते हरेशसमोर जाऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सूचना माझी. अर्धवट दिली. आपण हरलो ते माझ्यामुळे. याला कुणी काही बोलायचं नाही." मग मलमपट्टीची पेटी नारायणदादांच्या हातात दिली, खुर्ची उचलली आणि घराकडे निघाले. ज्याच्या हातून अपघात झाला त्याने त्या जागी पाऊल टाकायचं नाही, हाही त्यांचाच नियम. मी मागोमाग गेलो. लिफ्ट मध्येच हिसका देऊन थांबली, तरीही त्यांनी तक्रार केली नाही, तेव्हा मात्र मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर रविवारी साडू बाल्कनीचा पडदा ओढून घरात बसायला लागले. मला निदान झोप मिळेल असं वाटलं होतं, पण झोप येईना. ताई फोनवर सांगायच्या, "खाली ओरडा झाला की मला विचारतात, कोणाचा गोल? मी म्हणते, पडदा सारून बघा की. तर म्हणतात, मला परवानगी नाही. आता यांना परवानगी द्यायची कोणी?"

नव्या सीझनची पहिली मॅच होती त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. साडू टीव्हीपुढे, टीव्ही बंद. बेल वाजली. दारात नारायणदादा आणि हरेश. हरेशच्या अंगात कीपरची जर्सी, दोन्ही हातांत नवे हातमोजे. खाली दोन्ही टीम ताटकळत उभ्या होत्या.

"काका, चला," हरेश म्हणाला. "तुमी येईपरीन मी गोलमधी उभा रहाचा नाय."

"नको रे. चूक माझी होती."

"हाय ना," हरेश म्हणाला. "आमी कवा बोललू का नाय म्हनून? चूक तुमचीच हाय. पन खुर्ची बी तुमचीच हाय."

साडूंनी ताईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "तुझी लेस सुटलीय." नारायणदादांनी खुर्ची उचललीसुद्धा होती.

खाली गोलच्या मागे चार बांबू रोवून वर सावलीला फ्लेक्स ताणून बांधला होता, पांढरी बाजू वर आणि छापलेली खाली. तोच, टेम्पोत गुंडाळून पडलेला. साडूंनी बसायच्या आधी चारही बांबू हलवून पाहिले, एक दोरी पुन्हा आवळायला लावली, मग टेकले आणि सहज वर बघितलं. मीही वाकून बघितलं. चॅम्पियन झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, त्याखाली गावातल्या झाडून सगळ्या पुढाऱ्यांचे चेहरे, खेळाडू, आणि खेळाडूंच्या रांगेत शेवटी, हरेशच्या शेजारी, पिवळं हेल्मेट घातलेले माझे साडू. ताईंकडून गुपचूप मागून घेतलेला निवृत्तीच्या दिवसाचा फोटो. खाली लिहिलं होतं, 'सल्लागार - आपले सेफ्टीकाका'. फायनलच्या आधीपासून ते तिथे होते. आणि यांनी गुंडाळी सोडू दिली नव्हती.

मॅच सुरू झाली. लेस बांधायला कोणी ओरडलं नाही. आमचा पहिला गोल झाला, सगळं मैदान नाचलं, आणि साडू मान वर करूनच बसलेले. बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "साडूभाऊ, हे कोणी केलं?" इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'कोणी केलं?' हा प्रश्न मी तेवढा एकदाच ऐकला. मी नारायणदादांकडे बोट दाखवलं.

त्याला आता बरेच दिवस झाले. टीम अजून चॅम्पियन झालेली नाही. उन्हाने फ्लेक्स विटलाय, पुढाऱ्यांचे चेहरे ओळखू येत नाहीत, पिवळं हेल्मेट तेवढं दिसतं. दोऱ्या कुजल्या आहेत आणि डावीकडचा बांबू वाऱ्याने हलतो. दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर असलं काही असतं तर साडूंनी ते त्याच दिवशी उतरवायला लावलं असतं. मी एकदा म्हणालो, नवीन काहीतरी बांधू या, हे पडेल कधीतरी. तर ते म्हणाले, "असू द्या हो. पडायला लागलं तर सरकू बाजूला."